न फुटलेल्या घड्यातले फुटणे

सहज मोडणाऱ्या वस्तूंसाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याची जागा पूर्ण घेत नाही. ब्रिटल म्हणजे कडक असूनही न वाकता एकदम तडकणारे. हा शब्द पदार्थाच्या घडणीविषयी बोलतो. फ्रॅजाइल हा वस्तू उचलणाऱ्या हातांना दिलेला इशारा आहे, म्हणून तो खोक्यांवर छापला जातो. फ्रेल बहुधा देहाला लागतो, वयाने किंवा आजाराने क्षीण झालेल्या. डेलिकेटमध्ये मोडण्याच्या भीतीबरोबर कारागिरीचे कौतुक असते, तर फ्लिम्झीमध्ये कारागिराची निंदा. बोटांत धरताच ज्याचा चुरा होतो अशा खडकाला किंवा मातीला भूवैज्ञानिक फ्रायेबल म्हणतात. फ्रॅजाइल आणि फ्रेल हे दोन्ही शब्द मोडण्याच्या एकाच लॅटिन धातूतून आलेले. पहिला थेट आला, दुसरा फ्रेंचमधून झिजत आला.

मराठीत यांच्या जवळपासचे शब्द आहेत: ठिसूळ, नाजूक, तकलादू, भुसभुशीत, भंगुर. हाडे ठिसूळ होतात, नक्षी नाजूक असते, खुर्ची तकलादू निघते, जमीन भुसभुशीत असते आणि देह क्षणभंगुर म्हटला जातो. पण मराठीची खरी बारकाई विशेषणांपेक्षा क्रियापदांत दिसते. दोरी तुटते, काठी मोडते, घडा फुटतो, कापड फाटते, शिवण उसवते, भिंत ढासळते. ओढ बसून दुभंगते ते तुटते; वाकवताना जाते ते मोडते; पोटात काही सामावून असते ते बहुधा फुटते. अंडे, गळू, धरण, गुपित ही सगळी फुटणारी. याच क्रियापदाने कोंब फुटतो, पालवी फुटते, वासराला पाहून गाईला पान्हा फुटतो आणि मुक्याला वाचा फुटते. आतले बाहेर येणे हा या सगळ्यांतला समान धागा आहे. त्यामुळे फुटण्यात नाश किती आणि जन्म किती हे मराठी कान संदर्भावरूनच ठरवतो.

जे मोडू नये असे वाटते त्याच्या मोडण्याचे नावही मराठी घरात घेतले जात नाही. सवाष्णीची बांगडी ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढली’ म्हणतात. मंगळसूत्र वाढते, देवापुढचा नारळ वाढवला जातो, संध्याकाळी दुकानही वाढवले जाते. अशुभ उच्चारू नये ही भावना त्यामागे आहेच. पण ज्या वस्तूवर नाते टेकलेले आहे तिचे मोडणे म्हणजे केवळ पदार्थाचे दुभंगणे नव्हे, ही जाणीवही या रीतीत आहे. बाजारातल्या काचेच्या बांगडीला कोणी वाढवत नाही, ती फुटतेच.

या सर्व शब्दांत एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. ठिसूळ, नाजूक, भंगुर ही विशेषणे लागतात ती अजून न मोडलेल्या वस्तूला. कपाटातला घडा भंगुर आहे. त्याचे तुकडे झाले की तो घडा भंगुर आहे असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे हा गुण, ज्या घटनेवरून त्याला नाव मिळाले ती घटना घडण्याच्या आधीच वस्तूत असतो. लाल घड्याचा लालपणा डोळ्यांना दिसतो. भंगुरपणा कुठे दिसतो? दिसत नसेल तर तो आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे? वरवर हा शब्दांचा प्रश्न वाटतो, पण भारतीय दर्शनांतला एक जुना वाद नेमका यावरच उभा आहे.

पश्चिमेकडे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात काचेच्या ठिसूळपणाचेच उदाहरण घेतले. काच ठिसूळ आहे असे म्हणणे म्हणजे तिच्यात लपलेल्या एखाद्या गोष्टीचे वर्णन करणे नव्हे. तिच्यावर आघात झाला तर तिचे तुकडे होतील एवढेच त्या वाक्याचे म्हणणे, असे त्यांचे मत. हे उत्तर पुरत नाही हे पुढे दिसून आले. मार्क जॉन्स्टन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की काचेच्या पेल्यात आतून घट्ट भरण घातले तर तो आपटूनही फुटणार नाही, तरी तो ठिसूळ आहे हे खरेच राहते. आघाताचा परिणाम अडवला गेला, गुण गेला नाही. तेव्हा ‘असे झाले तर तसे होईल’ या जर-तरच्या पलीकडे वस्तूत काहीतरी असले पाहिजे.

ते काय असते, याचे एक अत्यंत नेमके उत्तर धार नगरीच्या राजाच्या नावावर आहे. परमार राजा भोज (राज्यकाल सुमारे १०१० ते १०५५) याने पतंजलींच्या योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ नावाची वृत्ती लिहिली. तिच्या तिसऱ्या पादात परिणामाची, म्हणजे बदलाची, चर्चा येते. माती हा धर्मी, म्हणजे धर्म धारण करणारा आधार. ती गोळ्याचे रूप टाकते आणि घड्याचे रूप घेते. माती तीच, धर्म (म्हणजे तिचे रूप) बदलला. पुढच्या सूत्रात पतंजली धर्मांचे तीन प्रकार करतात: शांत, उदित आणि अव्यपदेश्य. भोजाच्या विवरणानुसार शांत धर्म म्हणजे आपले काम उरकून भूतकाळात गेलेले, उदित म्हणजे वर्तमानात काम करत असलेले आणि अव्यपदेश्य म्हणजे शक्तीच्या रूपाने राहिलेले, ज्यांना अजून बोट ठेवून दाखवता येत नाही असे. धर्मी या तिन्हींतून चालत राहतो. भोज येथे सोन्याचे उदाहरण देतो. एक दागिना मोडून दुसरा घडवला तरी सोने सोनेपणाने पुढे जाते.

या वर्गीकरणात कपाटातल्या घड्याचा भंगुरपणा बरोबर बसतो. मातीचा गोळा शांत झाला, घडा उदित आहे, खापर अव्यपदेश्य आहे. खापर घड्यात नाही असे म्हणता येत नाही, कारण उद्या ते दुसरीकडून येणार नाही. ते घड्यात आहे असेही दाखवता येत नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने याच प्रकरणात आणखी एक पाऊल टाकून धर्माची ओळखच शक्ती अशी करून दिली आहे. मात्र ती मोकाट शक्ती नव्हे, योग्यतेने मर्यादित केलेली. मातीतून घडा होईल, कापड होणार नाही. घड्याचे खापर होईल, चिंध्या होणार नाहीत. ‘फुटणे’ आणि ‘फाटणे’ यांतला फरक भाषेने जिथे ठेवला, तिथेच दर्शनाने योग्यतेची सीमा आखली आहे.

याच सुमारास विक्रमशिला विहारात बौद्ध आचार्य रत्नकीर्ती क्षणभंगवादाची, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मताची, सिद्धता लिहीत होते. भोज आणि रत्नकीर्ती साधारण समकालीन. त्यांच्या आधीच्या पिढीत न्यायाचार्य उदयन होऊन गेले. उदयनांच्या ‘लक्षणावली’वर शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४, हा काळ नोंदलेला आहे आणि त्यांचा ‘आत्मतत्त्वविवेक’ बराचसा क्षणभंगाच्या खंडनाला वाहिलेला आहे. वादाचा गाभा असा. बौद्धांच्या मते असणे म्हणजे काहीतरी घडवणे. जे समर्थ आहे ते आपले कार्य करतेच. थांबून राहणारे सामर्थ्य हा शब्दांचा खेळ. फळीवरचा घडा फुटण्यास समर्थ असेल तर तो आत्ताच का फुटत नाही? फुटत नाही, म्हणून तो समर्थ नाही. आणि मुसळाखाली फुटणारा घडा समर्थ आहे, म्हणून तो वेगळा. दोन्ही एकच घडा भासतात कारण सारखेपणा असलेल्या क्षणांची रांग अखंड चाललेली असते. मुसळ घड्याचा नाश ‘करते’ हेही त्यांना मान्य नाही. नाश ही घड्याहून वेगळी वस्तू असेल तर ती निर्माण झाल्याने घड्याचे काय बिघडले? आणि नाश म्हणजे घडाच असेल तर मुसळाने घडा निर्माण केला असे म्हणावे लागेल. म्हणून प्रत्येक क्षण स्वतःच्याच स्वभावाने विलयाला जातो. मुसळाने एवढेच होते की पुढची रांग घड्यांऐवजी खापरांची सुरू होते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, याला दिलेले उत्तर व्यवहाराला अधिक धरून आहे. सामर्थ्य सहकारी कारणांची वाट पाहू शकते. कोठारातल्या बीजात अंकुराची शक्ती असते, पण माती, पाणी आणि ऊब मिळाल्याशिवाय ती कार्य करत नाही. एवढ्यावरून ती नव्हती असे होत नाही. घड्याचा नाश हा प्रध्वंसाभाव: त्याला आरंभ आहे, अंत नाही आणि त्याला कारणही आहे. शिवाय त्यांच्या मते घडा दोन कपालांच्या, म्हणजे अर्ध्या भागांच्या, संयोगातून बनतो. तो संयोग सुटला की घडा संपतो, कपाले राहतात. भंगुरतेची जागा त्यांनी पदार्थात न ठेवता जोडात ठेवली, हा फार मोलाचा विचार आहे.

याच दर्शनकुळातला एक पोटवाद विलक्षण आहे. कच्चा घडा आव्यात भाजला जातो तेव्हा त्याचा रंग बदलतो. हा बदल कुठे होतो? न्याय म्हणतो, सबंध घड्यात. याला पिठरपाक म्हणतात. वैशेषिक म्हणतात, परमाणूंत, हा पीलुपाक. वैशेषिकांना यातून एक अपरिहार्य निष्कर्ष स्वीकारावा लागला: आगीत कच्चा घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो आणि नवा घडा जुळून येतो. म्हणजे बाजारात येणारा प्रत्येक पक्का घडा एकदा नष्ट होऊन आलेला असतो. आज हे मत शब्दशः कोणी मानणार नाही, तरी त्यामागचे निरीक्षण खरे आहे. पाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास मातीत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. कच्चे मडके ठिसूळपणाने मोडण्याआधी पाण्यातच विरघळते. पक्के मडके पाणी धरते, पण पडले की त्याचे तुकडे होतात. ज्या भट्टीने त्याला उपयोगाचे केले तिनेच त्याला फुटणारे केले. ठिसूळपणा हा घड्याच्या पक्केपणाचाच दुसरा चेहरा आहे.

धारमध्ये या वादाला आणखी एक उत्तरही लिहिले गेले. जैन आचार्य प्रभाचंद्र भोजाच्या राज्यात धारानगरीत राहत होते आणि तिथेच त्यांनी माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ ग्रंथावर ‘प्रमेयकमलमार्तंड’ ही विस्तृत टीका लिहिली. तिच्या पुष्पिकेत भोजदेवाच्या राज्याचा आणि धारेतील वास्तव्याचा उल्लेख आहे. त्याही आधी, विक्रम संवत ९९० मध्ये, देवसेनांनी ‘दर्शनसार’ धारेच्या पार्श्वनाथ मंदिरात रचला होता. जैन मतात वस्तू उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी एकाच वेळी युक्त असते. समंतभद्रांनी दिलेले उदाहरण या परंपरेत प्रसिद्ध आहे: सोन्याचा घडा मोडून मुकुट केला तर घडा हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो आणि सोने हवे असणारा तटस्थ राहतो. तिन्ही भावनांना वस्तूतच आधार आहे. एखादी गोष्ट मोडली की टिकली याचे उत्तर विचारणारा तिच्यातले काय पाहतो यावरही अवलंबून आहे, आणि तरीही ते मनाचे खेळ नाहीत, हे या मताचे बळ आहे.

एकाच नगरीत भोजाची वृत्ती आणि प्रभाचंद्रांची टीका एका राजवटीत तयार व्हाव्यात हा योगायोग लहान नाही. धारच्या पवार घराण्याने पुढे अठराव्या शतकात मराठी सत्ता इथे रुजवली तेव्हा आपले नाते याच परमारांशी सांगितले. मराठी वाचकाला भोज आठवतो तो गोष्टींतला, दानशूर आणि कालिदासाला विडे देणारा. सूत्रांवर वृत्ती लिहिणारा भोज त्या मानाने विसरला गेला, आणि हे नुकसान आहे.

विज्ञानाने या वादात उशिरा पण निर्णायक भर घातली. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काच का तडकते याचा अभ्यास केला. अणूंमधल्या बंधांचा हिशेब मांडला तर काच प्रत्यक्षात असते त्याच्या कितीतरी पट बळकट असायला हवी. फरक कशाचा? तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांचा. ताण येतो तेव्हा तो भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि ठराविक मर्यादा ओलांडली की भेग आपोआप धावू लागते. नुकताच ओढलेला काचेचा बारीक तंतू आश्चर्यकारक बळकट असतो, कारण त्याला अजून भेगा पडलेल्या नसतात. नुसत्या हाताळण्यानेही तो कमकुवत होतो. म्हणजे नेहमीच्या काचेत फुटणे कधीच सुरू झालेले असते, ते फक्त थांबलेले असते. अव्यपदेश्य धर्माला इथे जागा मिळाली: तो वस्तूत आहे, सूक्ष्म आहे, योग्य सहकाऱ्याची वाट पाहत आहे. फळीवरचा घडा क्षणोक्षणी बदलतो हे बौद्धांचे म्हणणेही काही अंशी खरे ठरते, कारण दमट हवेत अशा भेगा हळूहळू वाढत राहतात. पण तो प्रत्येक क्षणी संपतो असे मानण्याची गरज उरत नाही. या वादात योगसूत्रे आणि न्याय यांची बाजू अधिक टिकणारी आहे.

धारमध्येच या सुप्त भंगुरतेची एक अवजड साक्ष पडलेली आहे. लाट मशिदीच्या आवारात एका लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत: सुमारे ७.३९ मीटर, ३.५३ मीटर आणि २.२९ मीटर लांबीचे. एकूण लांबी तेरा मीटरांच्या वर जाते आणि वजन सात टनांच्या पुढे. परंपरा हा स्तंभ भोजाशी जोडते. दिलावरखान घोरीने १४०५ मध्ये बांधलेल्या या मशिदीला नावच या लाटेवरून, म्हणजे स्तंभावरून, मिळाले. तुकड्यांवर अकबराच्या काळातला १५९८ चा लेख आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा स्तंभ घेऊन जाऊ पाहत होता आणि त्या खटपटीत तो पडून मोडला, अशी हकिकत जहांगीरच्या आत्मवृत्तात येते.

स्तंभ ओतीव नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून, सांधून तो वाढवत नेला आहे. नैयायिकांचा संयोग इथे अक्षरशः दिसतो. घणाखाली एकजीव झालेला हा डोलारा सांध्यांनी बनलेला आहे, आणि अशा रचनेत तडा जाण्याची जागा सांध्यातच असते. प्राचीन भारतीय लोखंडाच्या रसायनात आणखी एक गोष्ट आहे. त्यात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त असते. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या आणि धारच्या स्तंभांचा अभ्यास करून दाखवले की हाच फॉस्फरस पृष्ठभागावर गंजापासून राखण करणारा थर तयार व्हायला मदत करतो. पण धातुशास्त्र हेही सांगते की फॉस्फरसमुळे लोखंड थंडीत ठिसूळ होते. शतकानुशतकांची झीज ज्याने अडवली त्यानेच एका आघाताला वाट करून दिली, एवढे बारीक नाते झिजणे आणि मोडणे यांत असू शकते. धारचा स्तंभ नेमका याच कारणाने मोडला असे म्हणण्याला आधार नाही. दोन प्रकारचे नाश एकमेकांच्या विरुद्ध दिशेला खेचतात, हे मात्र या लोखंडात पक्के दिसते. जे गंजत नाही ते अभंग असतेच असे नाही.

झिजण्याचा दुसरा नमुना धार जिल्ह्यातल्याच बाघ लेण्यांत आहे. विंध्याच्या उतारावर, नदीकाठी, वाळूच्या खडकात खोदलेले हे बौद्ध विहार. नऊ लेण्यांपैकी बरीच ढासळली. वाळूच्या खडकात मातकट खडकाचे थर आहेत, त्यांत पाणी मुरते, ते फुगतात, आकसतात आणि छत खाली येते. भिंतींवर मातीच्या जाडसर लेपावर रंगवलेली चित्रे होती. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांनी १९२१ मध्ये त्यांच्या नकला केल्या. उरलेला बराचसा भाग १९८२ मध्ये भिंतींवरून उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आला. लोखंडाला लागू पडणारा ठिसूळ हा शब्द या चित्रांना लागू पडत नाही. त्यांचे मोडणे एका क्षणात घडलेले नाही. ते सुटत, भुसभुशीत होत, खपल्या पडत गेले आहेत.

बाघच्या दुसऱ्या लेण्यात माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला. त्यात विहाराला एक गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. गंध, धूप, फुले आणि भिक्षूंचे अन्नवस्त्र यांच्याबरोबर विहाराच्या मोडक्यातोडक्या भागाची डागडुजी हेही त्या दानाचे प्रयोजन म्हणून स्पष्ट नोंदलेले आहे. सगळे संस्कार अनित्य आहेत ही ज्यांची रोजची शिकवण, त्यांच्या विहाराला दुरुस्तीसाठी गाव लावून दिलेले होते. यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण ती विसंगती नाही. जे मोडणार हे माहीत आहे त्याचीच दुरुस्ती करावी लागते; नित्य वस्तूला मिस्त्री लागत नाही.

मराठी धार्मिक बोलण्यात हा विवेक पुष्कळदा सुटतो. ‘देह क्षणभंगुर आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात ‘म्हणून तो क्षुद्र आहे’ हा निष्कर्ष आपोआप उतरतो. या उडीत तीन वेगळे शब्द एकात मिसळलेले असतात. भंगुर हे वस्तुस्थितीचे विधान आहे. तकलादू हा दोषारोप आहे. नाजूक ही जपण्याची मागणी आहे. देह भंगुर आहे यावरून तो तकलादू ठरत नाही. तो नाजूक ठरतो. धम्मपदात देहाला घड्याची उपमा देणारी गाथा आहे, आणि तिचा पुढचा भाग देहाच्या निंदेकडे वळत नाही. देह घड्यासारखा आहे हे ओळखून चित्त नगराच्या तटबंदीसारखे पक्के करावे आणि मोहात पाडणाऱ्या माराशी झुंज द्यावी, असा तिचा आशय आहे. अद्वैती ग्रंथांत येणारे घटाकाशाचे उदाहरण दुसरीकडे नेते. गौडपादांच्या कारिकांत घडा फुटल्यावर त्यातले आकाश महाआकाशात मिळते. तिथे फुटणे ही हानी नाही, कारण आकाश कधी कोंडलेलेच नव्हते. हे उदाहरण आत्म्याविषयी बोलते, घड्याविषयी नाही, आणि घड्याच्या किमतीबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही. अंत्यविधीत खांद्यावरच्या मडक्याला भोके पाडत प्रदक्षिणा घालून ते फोडले जाते. तिथेही शोक करणाऱ्यांना मडके क्षुद्र वाटत नसते.

माळव्यातल्याच देवासमध्ये भंगुर देहाच्या या प्रश्नाला आवाज मिळाला. गायक कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. क्षयाने गाठल्यावर कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये देवासला आले आणि काही वर्षे त्यांना गाणे पूर्ण बंद ठेवावे लागले. नव्या औषधाने प्राण वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पुढे मैफलीत परतलेल्या त्यांच्या गायकीत छोटे, तुटक, नेमके स्वरसमूह आणि त्यांच्यामधली शांतता यांना जे स्थान मिळाले त्याचा संबंध या श्वासाशी जोडला जातो. तो सगळा संबंध आजाराचा मानणे अन्यायाचे होईल, कारण दृष्टी आजाराने येत नाही. मात्र याच काळात अंथरुणावर पडून ऐकलेली माळव्याची लोकगीते आणि नाथपंथी, कबीरपंथी निर्गुणी भजने त्यांच्या गाण्यात आली. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे आणि त्या परंपरेतल्या वाणीला तिथे जुना आश्रय आहे. निर्गुणी पदांत देह मडके होतो, नगर होतो, विणलेले वस्त्र होतो. ही पदे गाताना कुमारांच्या आवाजात तुच्छता ऐकू येत नाही. १९९२ मध्ये देवासलाच त्यांचे निधन झाले.

धर्माला भंगुरतेचा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे सोडवावा लागतो तो मूर्तीच्या बाबतीत. घडवलेली आणि प्रतिष्ठा केलेली मूर्ती खंडित झाली तर तिची पूजा थांबते. तिचे विसर्जन होते आणि जीर्णोद्धाराने नवी बसवली जाते. यातही तारतम्य आहे. मुख्य अंगाचा भंग आणि बोटाच्या टोकाचा टवका यांना एकच न्याय लावला जात नाही. पण स्वयंभू लिंगाला आणि नर्मदेच्या पात्रात मिळणाऱ्या बाणलिंगाला हा नियम सहसा लागू केला जात नाही. नर्मदा धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, तिथल्या घरांतून असे बाण पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहेत. यामागची तर्कसंगती न्यायाच्या कपालविचाराशी जुळणारी आहे. शिल्पीने जे आकार देऊन उभे केले त्याचा आकार गेला की ते संपते. ज्याला कोणी आकार दिलाच नाही त्याचा आकार मोडला असे म्हणण्याला आधार राहत नाही.

याच जिल्ह्यात, बाघ आणि कुक्षीच्या परिसरात, या नियमाची एक अकल्पित कसोटी सापडली. पाडल्या गावाच्या भागात शेतकरी शेतात निघालेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत आले आहेत. तो शेताची आणि जनावरांची राखण करतो अशी श्रद्धा. अभ्यासकांनी पाहिल्यावर यातले काही दगड टायटॅनोसॉर वर्गातल्या डायनोसॉरची अश्मीभूत अंडी असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी जानेवारीत ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या टापूतील ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली होती. ही अंडी साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहेत. अंडे हे सहज फुटणाऱ्या वस्तूंचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. ही अंडी टिकली ती त्यांच्या कवचाच्या बळामुळे नव्हे. ती गाळात पुरली गेली, वरचा चुनखडीचा थर घट्ट झाला आणि आघात करणारा सहकारीच त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. शक्ती बहुतांशी अव्यपदेश्यच राहिली. त्यांतल्या काहींच्या कवचावर जुने तडे स्पष्ट दिसतात. काकड भैरवाच्या पूजेत मात्र त्यांना कोणी खंडित मानलेले नाही, कारण ते कोणी घडवलेले नव्हते, जमिनीतून आलेले होते.